पासष्ट वॉट आणि सोमा भोईर

माणूस ओळखण्यात मी, दिनानाथ, कधी चुकत नाही, असं बासष्ट वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो. माझी बायको कुंदा म्हणते, "तुम्ही माणूस ओळखत नाही, संशय घेता. दहातला एखादा खरा निघतो, तेवढाच लक्षात ठेवता." पण कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाने दुसरं काय करावं?

निवृत्तीनंतर अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या अभ्यासिकेचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. तिथला शिपाई, पहारेकरी, झाडूवाला सगळं एकच माणूस होता, सोमा भोईर. बदलापूरच्या पलीकडच्या गावचा, साठीला टेकलेला. बायको काशीला घेऊन अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत राहायचा. दिवसभर दाराशी स्टुलावर बसून पोरांच्या चपला ओळीत लावायचा. कुठली चप्पल कुणाची ते त्याला पाठ. एखादीचा अंगठा उसवलेला दिसला तर न सांगता शिवून ठेवायचा. मुलींची वेगळी खोली मात्र त्याला पटत नसे. "दिवेलागणीला पोरी घरात पायजेत," असं पुटपुटायचा आणि शेवटच्या मुलीला रिक्षात बसवल्याशिवाय कुलूप लावायचा नाही. त्याचं पुटपुटणं तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

गेल्या ऑगस्टात चपला चोरीला जाऊ लागल्या म्हणून आम्ही आवारात दोन कॅमेरे लावले. चार खोल्यांत वायफायचे चार डबे आधीपासून होतेच. या सगळ्यांना वीज वेगळी लागत नाही. जिन्याखालच्या कपाटात नेट वाटून देणारी एक पेटी आहे, तिला स्विच म्हणतात; त्यातून प्रत्येकाला गेलेल्या एकाच वायरीतून नेटही जातं आणि वीजही. स्विचला आठ भोकं, आमची उपकरणं सहा. मी स्वतः मोजून घेतली. "काही झालं तरी कॅमेरा बंद पडता कामा नये," असं बसवणाऱ्याला बजावलं, त्याने तशी सोय करून दिली.

त्याच आठवड्यात मुलींच्या खोलीतलं वायफाय संध्याकाळी जायला लागलं. बाकीच्या खोल्या चालू, तेवढीच बंद. सकाळी बघावं तर डबा ठणठणीत. परीक्षेची तयारी करणारी अनुया तणतणत आली. "काका, तिसऱ्यांदा टेस्ट अर्धी राहिली माझी. कोणीतरी मुद्दाम बंद करतंय."

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक सोमाकडे. त्याला विचारलं तर म्हणाला, "मना काय ठाव त्यातला, साहेब?" आणि खाली बघितलं. चपला लावणारा माणूस खालीच बघणार, हे मला आज कळतं. तेव्हा माझा संशय पक्का झाला.

ऑक्टोबरात मी तिसरा कॅमेरा लावून घेतला. चोरांसाठी, असं सोमाला सांगितलं आणि कॅमेऱ्याचं तोंड त्याच्या स्टुलाकडे केलं. त्याच संध्याकाळी एक सोडून दोन खोल्या बंद पडल्या. मला वाटलं, आता हा मुद्दाम माझी जिरवतोय! रोज संध्याकाळी मी घरी मोबाइलवर त्याला बघत बसायचो. तो स्टुलावरून हलायचा नाही, कपाटाकडे फिरकायचा नाही, आणि वायफाय जायचंच. "दुसऱ्या कुणाला किल्ली देत असेल," मी म्हणालो. कुंदाने कपाळावर हात मारला.

डिसेंबरात सोमाला काढायचा विषय मी रविवारच्या बैठकीत ठेवला. नोकरी गेली की खोलीही जाणार होती. आदल्या दिवशी विठ्ठलवाडीहून यशोधराला बोलावलं. नेटवर्कची कामं करणारी हुशार मुलगी. बोलावलं ते दुरुस्तीला नाही, पुरावा काढायला.

बंद पडण्याच्या वेळा मी डायरीत टिपल्या होत्या. ऑगस्टात सव्वासात, ऑक्टोबरात साडेसहाच्या आत, डिसेंबरात सहा दहा. तिने डायरी चाळली. "काका, माणूस घड्याळावर चालतो. हे तर सूर्यावर चालतंय."

मग तिने समजावलं. "भोकं आठ आहेत म्हणून आठ पोटं भरतील असं नसतं. या स्विचकडे सगळे मिळून पासष्ट वॉट. एकेक डबा बारा खातो, कॅमेरा दिवसा पाच. अंधार पडला की कॅमेऱ्याचे आतले दिवे लागतात, मग तो दहा खातो. पुरणार कसं? आणि तुम्ही कॅमेऱ्यांना आधी वाढायला सांगून ठेवलंय. मग शेवटच्या नंबरचा उपाशी. तो नंबर मुलींच्या खोलीचा."

"आणि दुसरी खोली?"

"तिसरा कॅमेरा कोणी लावला, काका?"

तरी मनात आलंच, हिला मोठा स्विच खपवायचा असेल. अंधार पडून दोन्ही खोल्या बंद पडल्यावर तिने तिसऱ्या कॅमेऱ्याची वायर काढली. थोड्या वेळाने एक खोली चालू झाली. मग दुसऱ्या कॅमेऱ्याचीही काढली आणि मुलींच्या खोलीतून "आलं, आलं!" असा गलका झाला. ज्या कॅमेऱ्याने मी चोर शोधत होतो, तोच वीज खात होता.

रविवारी बैठकीत मी चूक कबूल केली आणि विषय मागे घेतला. खरं सांगायचं तर थोडा मोठेपणाही वाटला. बाहेर आलो तर सोमा उभा. त्याने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "गावाला चाललो, साहेब."

"अरे, आता तुझ्यावर काही आळ नाही!"

"आळ होता ते तुमी मना कवा सांगितला?" तो शांतपणे म्हणाला. "चोर बाहेरून येतो, साहेब. कॅमेऱ्याचा तोंड माझ्याकडं होता. दोन महिने मी पाणी प्यायलो तरी वाटायचा, साहेब बघतान."

मला भयंकर लाज वाटली. रस्त्यावर टेम्पो उभा होता, काशी गाठोडी घेऊन आत बसली होती. मी थांब म्हणालो, माफ कर म्हणालो, शेवटी हातही जोडले. टेम्पो सुरू होईपर्यंत त्याने सगळं ऐकून घेतलं.