लग्नाच्या तीन फायली

रानशेतची योगिता वापीच्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्राम लिहायची. नोकरीचं काम आटोपलं की तिचा जीव रमायचा तो लग्नाच्या गाण्यांत. तिची आत्या ठकी धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन लग्न लावणारी. पाड्यावरची लग्नं तिच्या गाण्याशिवाय लागत नसत. ठकीची गाणी, कैनाड गावातली गाणी, विवळवेढ्याच्या जिवलीची गाणी योगिता ऐकून ऐकून टाइप करायची. प्रत्येक गावाचं वेगळं फोल्डर, त्यात गाणारणीच्या नावाचं आणि आत 'लग्न' नावाची फाइल.

तिथंच घोटाळा झाला. ती टाइप करायला वापरायची तो एडिटर फुकटचा, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेला, कुणीही सुधारावा असा. तिन्ही फायली उघडल्या की वरच्या पट्टीवर दिसायचं: लग्न, लग्न २, लग्न ३. कोणती कुठली, काही पत्ता नाही. एका दुपारी जिवलीची फाइल समजून, नव्यानं टाइप करायला म्हणून तिनं ठकीच्याच गाण्याचा मोठा भाग पुसला, सेव्ह केला आणि एडिटर बंद करून मोकळी झाली. कळलं तशी ती उठून आत्याकडं गेली.

ठकी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"आत्या, तुझं गाणं माझ्या हातून पुसलं गेलं. परत सांगशील?"

"सांगेन की. पण तेच येईल असं नाही गो. तोंडाला येईल ते."

आत्या रागावली नाही, हेच योगिताला जास्त लागलं. एडिटरच दुरुस्त करायचा, असं तिनं मनाशी घेतलं.

एडिटरचा तो पट्टीचा भाग पुण्याची नूतन बघायची. "नावाआधी फोल्डरचं नाव लावू, झालं," ती फोनवर म्हणाली. योगितानं तसं करून दिलं, तर वापरणाऱ्यांच्या तक्रारींचा पाऊस! एकाची सगळीच फोल्डरं 'नवीन' नावाची, दुसऱ्याला नावात तारीख हवी, तिसऱ्याला जुनंच बरं वाटत होतं. योगिता हिरमुसली.

तेवढ्यात दारात कोणी लाहूचं घर विचारत आला. तिची आई जमना म्हणाली, "कुठला लाहू? विहिरीवरचा की टेंपोवाला?"

"निलमचा बाप."

"मग विहिरीवरचाच. त्या चिंचेकडून जा."

एकाच नावाला जो तो आपापली खूण लावतो, हे योगिताच्या ध्यानात आलं. तिनं लगेच फोन लावला. "नूतनताई, नाव आपण ठरवायचंच नाही. ज्याचा त्यानं नियम लिहायचा. डिस्कवरच्या फाइलला हात नाही, फक्त पट्टीवर दिसणारं नाव बदलेल."

"आणि दोन फायलींना एकच नाव आलं तर?"

"वेगळी दिसेपर्यंत वरच्या फोल्डरांची नावं जोडत जाऊ."

"नियमच चुकीचा लिहिला तर?"

"तर जुनं नाव दाखवायचं. एडिटर अडता कामा नये."

नूतन हसली. "लिही मग."

पुढच्या आवृत्तीत ते आलं. योगितानं आपल्यासाठी गाणारणीचं नाव आधी आणि गाव मागून असा नियम लिहिला. मग लॅपटॉप घेऊन ती ठकीकडं गेली. ठकी गायली. दोन कडवी जुनी निघाली, बाकीची निराळीच. जे गेलं ते गेलं. योगिता समोरचं टिपत राहिली.

"माझं नाव कुठंय यात?" ठकीनं विचारलं. योगितानं बोट ठेवून दाखवलं.

"शेजारी कोण?"

"विवळवेढ्याची जिवली."

"वाच बघू तिचं."

योगितानं वाचलं. मध्येच ठकी खुदकन हसली. "अगं, आमच्याकडं नवरी इथं रुसते. हिची तर सासरी निघालीसुद्धा!"