तब्येत जरा नरम

बर्मिंगहॅममध्ये भेटणारा प्रत्येक जण 'बरी आहेस ना?' असं विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. हे कळायला मला महिना लागला. जालना जिल्ह्यातल्या आमच्या वडीगोद्रीत कुणी तब्येत विचारली, की माणूस उभा राहतो आणि निदान गुडघेदुखीपर्यंत तरी ऐकून घेतो. बर्मिंगहॅमला मी तोंड उघडेपर्यंत विचारणारी मुलगी जिना उतरून गेलेली असायची. आधी हसू यायचं, मग चीड यायला लागली. ऐकायचं नाही तर विचारायचं कशाला?

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला गेले होते. वसतिगृहात मला एक खोली मिळाली होती आणि सहा जणींत मिळून एक स्वयंपाकघर. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. नोव्हेंबरात दुपारीच अंधारून येऊ लागलं आणि मी दिवसभर दिवा लावून बसू लागले. अंगात दोन स्वेटर, पायात दोन मोजे, तरी हाडात गारठा. पुण्याच्या मुलींचा एक गट होता. माझं नाव ऐकून त्यांतली एक म्हणाली, "अय्या, तू मराठी किती छान बोलतेस, कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "जिल्हा परिषदेच्या शाळेत. तू?" त्यानंतर त्यांनी मला जेवायला बोलावलं नाही. हलाल मटणाचा दुकानदार पाकिस्तानाकडच्या मिरपूरचा होता. माझी उर्दू त्याला करमणूक वाटायची. मी 'हो'ला 'हौ' म्हटलं की तो आतल्या माणसाला हाक मारून ऐकवायचा. मी दुकान बदललं. पुढच्या दुकानात बोट दाखवून मटण घेऊ लागले.

म्हणजे बोलायचं ते फक्त घरी, फोनवर. अब्बांचं हायवेला मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, अब्बा तांब्याची तार भरून त्या पुन्हा चालू करून द्यायचे. माझा फोन ते दुकानातच घ्यायचे. मागे ट्रकचे हॉर्न आणि शेजारच्या चहाच्या हॉटेलवाल्या काकांचा आवाज. पंचवीसेक वर्षं अब्बा आणि काका एकाच पत्र्याच्या शेडखाली, मध्ये फक्त एक ताडपत्री. अब्बांना बोलायला फारसं सुचायचं नाही. "अभ्यास?" ते विचारायचे. "चालू है," मी म्हणायचे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग ते फोनवर येईनासे झाले. अम्मी म्हणाली, "तब्येत जरा नरम है, बेटा. सोये हैं. तू खाना खाई क्या?"

आता हा नरम शब्द. आमच्या घरात सर्दी झाली तरी माणूस नरम असतो. मोसंबीचा भाव पडला की बाजार नरम असतो. आणि माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, गेले त्या पहाटेपर्यंत फक्त नरम होते. वाईट गोष्ट तोंडातून काढायची नाही, काढली की ती घडते, असं आम्ही मानतो. एखादीने काढलीच, तर ती काळ्या जिभेची, काळजिभी ठरते. त्यामुळे या एका शब्दात काय काय बसतं ते आवाजावरून ओळखावं लागतं. अम्मीचा आवाज फार गोड येत होता. म्हणजे प्रकरण सर्दीचं नव्हतं.

मी काकांना फोन लावला. त्यांनी आधी गिऱ्हाईक वाटेला लावलं. मग म्हणाले, "तुझ्या अम्मीनं सांगू नको म्हनलंय, पोरी. मंग मी काय सांगू? नरम हायेत जरा. जालन्याला दवाखान्यात नेल्तं. काल घरी आनलं."

"बरं वाटलं म्हणून आणलं का, काका?"

"न्हाई," काका म्हणाले. "डाक्टरांनीच घरी न्या म्हनलं."

आमच्याकडे दवाखान्याने घरी न्या म्हटलं की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. मलाही कळला. मला अब्बांना जिवंत बघायचं होतं, बाकी काही नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी बघणाऱ्या बाईंकडे गेले. सत्र चालू असताना देश सोडायचा तर परवानगी लागत होती, नाहीतर व्हिसाची भानगड. बाई चांगल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "वडील किती आजारी आहेत?" या बाई उत्तराला थांबल्या होत्या. त्या शहरात पहिल्यांदाच कुणीतरी थांबलं होतं.

आणि माझ्या तोंडून निघालं, त्यांची तब्येत जरा नरम आहे.

इंग्रजीत मला दुसरे शब्द येत नव्हते असं नाही. मरणाला टेकलेत, हे मला इंग्रजीत चांगलं म्हणता येत होतं. पण ते अब्बांविषयी म्हणायला जीभ उचलेना. घरून आलेला शब्द मी जसाच्या तसा इंग्रजीत ठेवला आणि वाटलं, यांना कळेल. आमच्याकडे कुणालाही कळलं असतं. बाईंना जेवढं ऐकू आलं तेवढंच कळलं. त्यांनी कॅलेंडर बघितलं, म्हणाल्या, सत्र संपायला थोडेच आठवडे उरलेत. तोवर थांबलीस तर परीक्षा बुडणार नाहीत, मग निवांत जा. शिवाय गरज पडली तर केव्हाही ये, असंही म्हणाल्या. मी थँक यू म्हणून बाहेर आले. गेटपाशी येऊन थांबले. परत फिरावं असं वाटलं. पण आत जाऊन तेच तोंडाने म्हणावं लागणार होतं. उद्या जाऊ, असं ठरवलं.

उद्या उजाडायच्या आत भावाचा फोन आला. अब्बा पहाटे, फजरच्या वेळेला गेले. दुपारी जोहरच्या नमाजानंतर दफन. अंबडहून, भोकरदनहून पाहुणे निघाले होते, ते पोचणार होते. मी विमानाने निघाले तरी पोचणार नव्हते. मला रडू आलं नाही, राग आला. अम्मीचा, भावाचा, काकांचा, त्या चांगल्या बाईंचा. एकानेही मला सरळ सांगितलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

वसतिगृहाच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रं होती. तिथे नेट चांगलं चालायचं आणि सकाळी कुणी नसायचं. तिथल्या बाकावर बसून मी व्हिडिओ कॉल लावला. भाऊ कबरीत उतरणार होता, म्हणून फोन काकांकडे होता.

"दिसून राह्यलं का, पोरी?" काकांनी विचारलं.

दिसत होत्या त्या पाठी. पांढरे सदरे, टोप्या, मधूनच एखादा गमछा, आणि वर ऊन. इतकं ऊन मी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "हो काका, दिसतंय."

"आता खाली उतरवून राह्यलेत," काका म्हणाले. गर्दी पुढे सरकली तसे तेही सरकले. कुणाचा तरी खांदा आला, मग आभाळ आलं. मग काका म्हणाले, "आता माती द्यायचीय. मला दोन्ही हात लागतील. थांब हां." त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला. त्यानंतर मला दिसलं ते फक्त कापड. माती पडल्याचा आवाज ऐकू आला, की काकांचा श्वास, ते नक्की सांगता येणार नाही. काका रडत होते. माझ्यामागे कुणाचे तरी कपडे धुऊन झाले आणि यंत्र शिटी वाजवत राहिलं.

आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. घरी असते तर मीही गेले नसते, अम्मीपाशी ओसरीत बसले असते. थोड्या वेळाने अम्मीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"तू देखी ना, बेटा? फोन में?" ती म्हणाली. "मर्द लोगां कुछ बराबर नहीं बता रहे. मुँह किब्ले की तरफ, मक्के की तरफ किए ना?"

"हौ अम्मी," मी म्हटलं. "बराबर किए."

"मिट्टी सबने दिए?"

"सबने दिए. काका ने भी दिए."

मग फोन फुफूंच्या, म्हणजे अब्बांच्या बहिणीच्या हातात गेला, मग खालांच्या, म्हणजे मावशीच्या. घरातल्या एकाही बाईने अब्बांना मातीत जाताना पाहिलं नव्हतं, आणि मी पाहिलंय असं सगळ्या धरून होत्या. प्रत्येकीने तेच विचारलं. शेवटी फोन पुन्हा अम्मीकडे आला.

"फिर से बता," ती म्हणाली, "घर से निकले वहाँ से."

मी पहिल्यापासून सांगायला लागले.