शेडगे वकिलांची चतुःसीमा

कुठल्याही जागेबद्दल बोलणे निघाले की शेडगे वकिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "चतुःसीमा सांगा." पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस कोण, उत्तरेस कोण. खरेदीखतात हे लागतेच, पण हा गृहस्थ लग्नाच्या आमंत्रणालाही तेच विचारायचा. मी एकदा त्यांना मंडईजवळच्या खाणावळीचा पत्ता सांगितला, तर म्हणाले, "पूर्वेस सायकलवाला सांगितलात, पश्चिम मोकळी सोडलीत. मोकळ्या बाजूनेच माणूस बुडतो, जोशी."

मुंबईत ते मोठमोठ्या कंपन्यांचे करारमदार आणि जागांची कामे पाहत. पंचेचाळिशीला ती चालती वकिली सोडून ते पुण्यात आले आणि माझ्या शुक्रवार पेठेतल्या वकिलीच्या खोलीत टेबल टाकून बसले. बायको-मुले शाळांसाठी मुंबईतच राहिली. पुण्यात तेव्हा कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांचे वकील बापापासून ठरलेले. बाररूममध्ये कुजबुज चाले की, "मुंबईला काहीतरी निस्तरता न येणारं करून आलाय." खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटे. टेबलावर धूळ बसायची आणि हा माणूस ती रोज स्वतः पुसायचा.

दर रविवारी ते एसटीने मुळशीला जात. एकदा मलाही घेऊन गेले, तेव्हा उलगडा झाला. त्यांचे गाव धरणात गेलेले. ते लहान असतानाच वडील वारले, त्यांना गावच्या मसणवटीत दहन दिले, आणि पुढे काही वर्षांत घर, शेत, मसणवट सगळे पाण्याखाली गेले. म्हातारी आई वरच्या टेकाडावरच्या वस्तीत राहायची. वैशाखात पाणी उतरले की जुने गाव उघडे पडे. मग वस्तीतली माणसे खाली जाऊन आपापल्या मेलेल्यांच्या जागी दिवा लावून येत. म्हातारीचा तो नेम कधी चुकला नव्हता.

"मी उन्हाळ्यातच मरनार हाय," ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली. "पानी खाली आसंल तवा. ह्याच्या बाच्या शेजारी जाळा म्हनलंय मी. मंग कायबी करा."

"आये, पावण्याला च्या तरी घिऊ दे," शेडगे म्हणाले. माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच पार बदलला होता.

परतताना एसटीत ते म्हणाले, "मुंबईहून इथं पोचायला दिवस जातो. तेवढ्यात भाऊबंद तिला वरच उरकून टाकतील. पुण्याहून मी वेळेवर पोचेन." बस, एवढ्यासाठी या माणसाने घडी विस्कटली होती. मला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला.

त्या उन्हाळ्यात म्हातारी त्यांना म्हणाली, "अंता, चल, तुला जागा दावते." नेमका तेव्हाच पुण्यातला पहिला धड अशील मिळाला होता, एक कारखानदार. शेडगे म्हणाले, "आये, फुडल्या साली नक्की."

म्हातारी भाद्रपदात गेली. धरण काठोकाठ भरलेले.

दहन वरच करावे लागले. भाऊबंद म्हणाले, "अस्थी सोडा पान्यात. खाली गाव तेच हाय की." शेडगे हलले नाहीत. "पान्याव न्हाई सोडायची. बाच्या शेजारी म्हनली हुती ती." अस्थींचे गाडगे फडक्यात बांधून त्यांनी हिरड्याच्या फांदीला टांगले. हिवाळ्यात मुंबईच्या जुन्या कंपनीने परत बोलावले, अगदी मानाने. ते मला म्हणाले, "वैशाखापर्यंत मी कुठेही जाणार नाही." कंपनी काही वैशाखासाठी थांबली नाही.

वैशाखात आम्ही खाली उतरलो. भेगाळलेला गाळ, घरांच्या जोत्यांचे दगड, कुजून काळे पडलेले बुंधे. शेडगे गाडगे छातीशी धरून चालत होते. बरोबर वस्तीतले म्हातारे कोंडिबा होते. गावठाण मागे पडले तशी शेडग्यांची पावले मंदावली.

"कोंडिबा, बाची जागा कुठली?"

"मसनवाट ही समदी," कोंडिबांनी हात फिरवला. "तुज्या बाची जागा तुज्या आयलाच ठावं. ती एकलीच फुडं जायाची. आमी आमच्या मान्साकडं."

"कायतरी खूण आसंल की."

"व्हती जांभळ. ती कवाच गेली."

शेडगे उभे राहिले. चारी बाजूंना सारखाच गाळ. मला वाटले, आता विचारतील, पूर्वेस काय. आयुष्यात इतका एकटा माणूस मी पाहिलेला नाही.

मग त्यांनी फडके सोडले. गाडग्यातून चिमूट घेऊन पायाशी टाकली, दोन पावले पुढे जाऊन पुन्हा. कुठेतरी बापाच्या जवळ पडेल, या हिशेबाने ते मसणवट चालत राहिले. उन्हात कोंडिबा खाली बसले. मीही बसलो. शेडगे वाकत होते, उठत होते, पुन्हा वाकत होते.

गाडगे संपले तेव्हा ते मसणवटीच्या मध्यावर होते. पालथे करून त्यांनी ते झटकले, पुढच्या गाळाकडे पाहिले आणि तिथूनच मला म्हणाले, "जोशी, निम्मी बाजू राहिली हो."