निम्मा रेझिस्टर, तेवढीच उष्णता

“कॅबिनेटला हात लावून बघा,” गायकवाडसाहेब म्हणाले.

मी हात लावला आणि लगेच मागे घेतला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोसरीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मॅग्नेटायझरची ट्रायल चालू होती. स्कूटरच्या फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटला चुंबकत्व देणारं हे मशीन. त्यातला कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी. हळूहळू भरायची, एका झटक्यात रिकामी करायची. भरताना विजेची धाव आवरायला वाटेत रेझिस्टर असतो. कपॅसिटरच्या खाली बसवलेला तोच तापत होता. गायकवाडसाहेब गिऱ्हाईक कंपनीचे इंजिनिअर. त्यांनी मशीन नापास केलं असतं, तर आमची पहिली मोठी ऑर्डर गेली असती.

मालक सावंतसाहेब माझ्याकडे बघू लागले. मी त्यांचा नवाकोरा डिझाइन इंजिनिअर.

“सोपं आहे, साहेब,” मी म्हणालो. “रेझिस्टन्स निम्मा करू. उष्णताही निम्मी होईल.”

रेझिस्टर बदलला. कपॅसिटर झटपट भरू लागला. ऑपरेटर भराभर पीस काढू लागला.

“वा राव! स्पीडपण वाढला!” सावंतसाहेब म्हणाले.

मी विनयाने मान खाली घातली. त्यामुळे खालून येणारा धूर सगळ्यांत आधी मलाच दिसला.

गायकवाडसाहेबांनी शांतपणे मेन स्विच बंद केला. “कपॅसिटरमध्ये किती एनर्जी साठते?”

“अर्धा सी व्ही स्क्वेअर.”

“आणि सप्लायमधून किती निघते?”

“पूर्ण सी व्ही स्क्वेअर.”

“मग उरलेली अर्धी कुठं जाते?”

मी रेझिस्टरकडे बोट दाखवलं. त्याचा रंग उडाला होता. माझाही.

सप्लायचं व्होल्टेज स्थिर असेल, मग ती बॅटरी का असेना, तर कपॅसिटरमध्ये जेवढी ऊर्जा साठते तेवढीच वाटेत उष्णता होऊन जाते. रेझिस्टर लहान असो की मोठा. लहान घातला की तीच उष्णता कमी वेळात बाहेर पडते, आणि भराभर पीस काढले की पुन्हा पुन्हा. हे गणित मी कॉलेजात उत्तराभोवती चौकट आखून सोडवलं होतं. चौकटीबाहेर ते लागू पडतं हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

“नापास का, साहेब?” सावंतसाहेबांनी हळूच विचारलं.

“उष्णता निघू द्या. ती माझ्या कपॅसिटरला लागायला नको. दुरुस्त करून पुन्हा दाखवा.”

मग मी जुन्याच ओहमचा, पण जास्त वॅटचा, म्हणजे जास्त उष्णता सोसणारा, दांडगा रेझिस्टर घेतला आणि कॅबिनेटच्या डोक्यावर जाळीच्या पेटीत बसवला. पुढच्या ट्रायलला गायकवाडसाहेबांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून सही केली.

उष्णता किती निघणार, हे ठरवताना कोणी मला विचारलंच नव्हतं. ती कुठून बाहेर काढायची, एवढंच माझं काम होतं.