दुसऱ्याची गाठ

आमच्या पथकात एक नियम आहे. दोरावरून उतरणारा माणूस दोराच्या खालच्या टोकाला स्वतःच्या हाताने गाठ मारतो. दोर जमिनीपर्यंत पोचला नाही, तर ती गाठ त्याच्या कमरेच्या साधनात अडकते आणि तो तिथेच थांबतो. गाठ नसेल तर दोर संपतो आणि माणूस पडतो. दुसऱ्याने मारलेल्या त्या गाठीला कुणी हात लावायचा नाही. लावावाच लागला तर मोठ्याने ‘हात लावला’ म्हणायचं, म्हणजे ज्याची गाठ आहे तो येऊन ती पुन्हा तपासतो. पथकात येणाऱ्या नव्या लोकांना हा नियम मीच शिकवत होतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका रविवारी मी तो मोडला.

आम्ही तेरा जण आहोत. कुणालाच याचा पगार नाही. कुणी शाळेत शिकवतो, कुणाचं मेडिकलचं दुकान आहे. मी एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघतो आणि जुईनगरला राहतो. नवी मुंबईच्या मागे डोंगर आहे, त्यात बंद पडलेल्या दगडखाणी आहेत आणि पावसाळ्यात धबधबे. तिथे कुणी अडकलं की पोलिस किंवा अग्निशमनवाले आम्हाला फोन करतात आणि आम्ही दोर घेऊन जातो. आमचं सामान तळवलीत एका गोडाऊनमध्ये असतं. ते गोडाऊन माझ्या जोडीदाराचं. त्याचा रेती-विटांचा धंदा आहे. वडिलांची भातशेती गेली तेव्हापासून तो हेच करतो. दोरावर उतरणारा तो, वर कड्यावर थांबून त्याच्याकडे बघणारा मी, अशी आमची जोडी अकरा वर्षांची. मी एकदा इस्त्रीच्या पँटमध्ये डोंगरावर आलो होतो, तेव्हापासून तो मला ‘सायेब’ म्हणतो.

त्या रविवारी एक बाई खाणीत अडकली होती. डोंगरावरच्या पाड्यातली, साठीच्या आतबाहेरची. कंटोली काढायला वेलाच्या मागे गेली आणि घसरून कड्याच्या मध्यावर एका टप्प्यावर थांबली. टप्पा जेमतेम चटईएवढा. पाऊस थांबला होता, पण दगड ओला होता. तिचे दोन मुलगे आणि पाड्यावरची माणसं कड्यावर जमली होती आणि सगळी एकदम बोलत होती.

जोडीदाराने झाडांना दोर बांधले, आपल्या दोराच्या टोकाला गाठ मारली आणि दोर खाली टाकला. मग तो बाजूला जाऊन बाईसाठी आणलेला पट्टा नीट करू लागला. दोर थोडं खाली जाऊन करवंदीच्या जाळीत अडकला होता. मी तो वर ओढला. गाठीत वेलाचे तुकडे आणि काटे गुंतले होते. ते काढायला मी गाठ सोडली. पुन्हा मारली तर पुन्हा अडकेल, असं मला वाटलं. दोर जमिनीला टेकेलच, आपली जी माणसं खालच्या वाटेने निघालीत ती पोचली की त्यांना तिथूनच गाठ मारायला सांगू, असा विचार करून मी मोकळं टोक खाली सोडलं. तेवढ्यात बाईचा पाय सरकला आणि सगळे ओरडले. जोडीदार पळत आला, कमरेचं साधन दोरात अडकवून उतरू लागला. ‘हात लावला’ म्हणायला मला एक क्षण मिळाला होता. तो पुरेसा होता. मी म्हणालो नाही, कारण तेव्हा ती गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती. हे खोटं नाही, पण याचा मला उपयोगही नाही.

तो तिच्यापर्यंत पोचला. खालून आवाज वर येत होते.

“आधी माझी पिशवी घ्या वर,” बाई म्हणाली.

“मावशे, भाजी नंतर. आधी तू.”

“मावशी कुनाला म्हनतो? तुझी पिकली दाढी बघ आधी.”

वर लोक हसले. मीही हसलो. आम्ही तिला दुसऱ्या दोराने वर ओढलं. पिशवी तिने शेवटपर्यंत सोडली नाही. ती कड्यावर आली, मुलांनी तिला धरलं आणि आमचं काम संपलं असं सगळ्यांना वाटलं. जोडीदार खालून ओरडला, “मी खालीच उतरतो, वर चढायला कोन बसलंय.” मी म्हणालो, “उतर.”

टप्प्याच्या खाली कडा आत वळलेला होता, त्यामुळे तो मला दिसत नव्हता. दोर ताणलेला होता. मग तो एकदम सैल झाला. दोर जमिनीपासून दहा-बारा फूट वर संपत होता. खाली जाणारी आमची माणसं खाणीतल्या पाण्याला वळसा घालत होती, ती अजून पोचलीच नव्हती. तो दगडांवर पायांवर पडला. उजव्या टाचेचं हाड फुटलं.

दोर वर ओढला तेव्हा टोक मोकळं होतं. शेजारी उभा असलेला मेडिकलवाला म्हणाला, “गाठ मारली नव्हती की काय त्याने?” मी दोर गुंडाळत राहिलो.

प्रत्येक कामानंतर आम्ही गोडाऊनमध्ये गोल बसतो. ज्याने त्याने आपली चूक सांगायची. फक्त आपली, दुसऱ्याची नाही. आणि स्पष्टीकरण द्यायचं नाही. त्या संध्याकाळी सगळे बोलत असताना हॉस्पिटलमधून जोडीदाराचा फोन आला. कुणीतरी स्पीकर लावला.

तो म्हणाला, “गाठ माजीच ऱ्हायली. मना वाटतं मी मारली व्हती, पन टोक मोकलं व्हतं म्हनजे मारलीच नसनार. दुसऱ्या कोनाला काय बोलू नका.”

फोन बंद झाला. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, “वॉकी-टॉकी चार्ज करून आणला नव्हता. माझी चूक.” ते खरं होतं. मोठी चूक झाकायला मी एक छोटी खरी चूक पुढे केली, आणि सगळ्यांनी मान हलवली.

नंतर सांगू, असं मी रोज ठरवत होतो. ऑपरेशन होऊ दे, प्लास्टर निघू दे, कुबड्या सुटू देत. तो चालायला लागला, थोडं लंगडत. पण दोरावर उतरायचं त्याने सोडलं. गोडाऊन उघडून द्यायचा, दोर धुऊन सावलीत वाळत घालायचा, चहा सांगायचा. मी त्याला पुन्हा उतरायचा आग्रह केला नाही. बाकीचे करत. तो म्हणायचा, “आता वय झालं.” तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.

यंदा जूनमध्ये एका दुपारी वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे त्याची बायको.

“भावजी, तुमच्याशी बोलायचंय. यांना सांगू नका.”

मी कारखान्याच्या कँटीनबाहेर जाऊन उभा राहिलो.

“गॅस बंद केला का म्हनून तीनदा उठतात. गोडाऊनला कुलूप लावतात आनी अर्ध्या रस्त्यातून परत जातात. आता गाडी चालवायची सोडलीय. म्हनतात, कधी काय विसरेन सांगता येत नाय, कुनाच्या तरी अंगावर घालेन.”

“डॉक्टरला दाखवलं का?”

“मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं. फोटो काढले, परीक्षा घेतल्या, काय नाय निघालं. पन यांना पटतच नाय. मामंजींचं माहीत हाय ना तुम्हाला?”

माहीत होतं. तिचे सासरे शेवटची पाच वर्षं सगळं विसरले होते. जन्म ज्या गल्लीत काढला तिथेच आपलं घर कुठलं म्हणून विचारत फिरायचे. मुलाला ओळखत नव्हते.

“यांना वाटतं, आपलंबी तेच चालू झालं. म्हनतात, गाठ मारल्याचं मना डोल्यासमोर दिसतं, आनी गाठ तर नव्हतीच. मंग माज्या डोक्यावर कसा भरोसा ठेवू? धंदा पुतन्याच्या नावावर करायचं चाललंय. तुम्ही जरा समजवा. तुमचं ऐकतात.”

मी बरं म्हणालो. त्यानंतरही मी अकरा दिवस गप्प होतो. हे लिहितोय तर तेही लिहायला हवं. प्रश्न फक्त टाचेचा होता तोवर मला वाटायचं, हाड जुळलं, आता सांगून काय होणार. आता तेही म्हणता येत नव्हतं. बरं असलेल्या माणसाला मी दोन वर्षं आजारी ठेवलं होतं. तरी मला भीती कशाची वाटत होती, तर बारा लोक आपल्याला काय म्हणतील याची.

बाराव्या दिवशी अर्धी रजा टाकून तळवलीला गेलो. तो गोडाऊनच्या मागे बसून पिंपात दोर बुडवून धूत होता.

“काय सायेब, आज कामाला दांडी?”

मी उभ्या उभ्याच सांगितलं. जाळी, वेल, काटे, गाठ सोडली, टोक खाली सोडलं, बोललो नाही. बैठकीतही बोललो नाही. याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

त्याचा हात पिंपात तसाच राहिला. त्याने विचारलं, “कसली गाठ व्हती?”

“तीन वेढ्यांची.”

“टोक किती सोडलेलं?”

“वीतभर.”

“घट्ट व्हती?”

“घट्ट होती. सुटता सुटत नव्हती. दातांनी सैल करावी लागली.”

त्याने हात बाहेर काढला, लुंगीला पुसला आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी आली.

“हिलाबी सांग, परत सांग,” तो मला म्हणाला.

मी परत सांगितलं. तिच्यासमोर जास्त वेळ लागला. ऐकून ती विटांच्या चळतीवर बसली. “म्हनजे हे विसरले नव्हते,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, त्याच्याकडे बघून. “मी नाय विसरलो,” तो म्हणाला. मग तो रडला. मी त्याला बापाच्या तेराव्यालाही रडताना बघितलं नव्हतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याने हात वर केला.

“टाचेचं मी काय बोलत नाय. टाच कोनाचीबी मोडंल. पन दोन वर्सं मी रोज रातच्याला माज्या बापाचं नाव, पोरांची नावं, पुतन्यांची नावं मोजत झोपतो. कुठलं गेलं का बगतो. तू इथं येऊन चा पीत व्हतास. जा आता. रविवारी बैठकीत सांग.”

रविवारी सांगितलं. शाळामास्तर म्हणाला, “आणि आम्हाला शिकवत होतास.” माझं दोराचं काम काढून घेतलं. पथकात राहायचं तर रस्त्यावर थांबून गर्दी मागे ठेवायची, असं ठरलं. मी राहिलो. जोडीदाराने पुतण्याचे कागद थांबवले, हे मला वहिनींकडून नाही, मेडिकलवाल्याकडून कळलं. वहिनींनी त्यानंतर फोन केलेला नाही.

सप्टेंबरमध्ये एका धबधब्यावर एक माणूस अडकला. जोडीदार गाडी स्वतः चालवत आला. कड्यावर माझ्या जागी मास्तर होता. मी खाली होतो, हातात शिट्टी. जोडीदार उतरला, त्या माणसाला घेऊन लंगडत माझ्या बाजूने आला. लोक मोबाईल काढून पुढे सरकत होते. त्याने माझ्याकडे बघितलं.

“यांना मागं घे,” तो म्हणाला. मी घेतलं.