विशाखाताईंची यादी

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात विशाखाताई आधी दोन पॉवर सप्लाय ठेवायच्या. पंखा बसवलेले दोन लोखंडी डबे, दिसायला सारखे. एक हलका, एक जड. "वजन बघा," त्या म्हणायच्या. "भिंतीतनं आल्याली वीज ह्यो डबा आत सगळ्यांस्नी वाटून देतो. ह्यो बोगस निघाला की बाकीचं उगंच घेतलं म्हणायचं." गिऱ्हाईक तोवर काचेच्या कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांकडं बघत असायचं. पहिल्या दिवशी मीही तिकडंच बघत होतो.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. विशाखा कांबळे, मूळच्या कबनूरच्या. वडील यंत्रमाग दुरुस्त करायचे, त्यामुळं पाना आणि पकड त्यांच्या हाताला लहानपणापासूनची. चाळिशीचं वय, घट्ट अंबाडा, टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि आवाज असा की खालच्या झेरॉक्सवाल्याला त्या खिडकीत न जाता चहा सांगायच्या. आमच्याकडच्या कितीतरी बायकांसारखं त्याही 'मी करतो, मी येतो' असंच बोलायच्या.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. शेहेचाळिसाव्या वर्षी मला विमान उडवायच्या गेमचा नाद होता आणि तो मी सगळ्यांपासून लपवला होता. म्हणून त्यांना म्हणालो, "भाच्यासाठी गेमिंग कॉम्प्युटर करायचाय."

"भाचा काय खेळतो?"

"विमान चालवतो. उतरवताना चित्र अडकतं."

"धावपट्टी दिसायच्या आधी का नंतर?"

"नंतर. अगदी चाकं बाहेर काढतो ना, तेव्हाच..." मी बोलून गेलो.

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. "हुशार हाय भाचा," एवढंच म्हणाल्या.

यादी करायला त्यांनी मला तीनदा बोलावलं. मदरबोर्ड असा निवडला की पुढच्या पिढीचा प्रोसेसरही त्यावर बसावा. रॅमच्या चार खाचांपैकी दोन भरायच्या, दोन मोकळ्या ठेवायच्या. ग्राफिक्स कार्ड सध्या मध्यम, पण कॅबिनेट ऐसपैस आणि पॉवर सप्लाय आजच्या गरजेपेक्षा मोठा; म्हणजे दोन-तीन वर्षांनी मोठं कार्ड आणलं तरी बाकीचं हलवायला नको. "मोकळी जागा बी इकतच घ्यायची असती, सर. आज सगळं भरून टाकलं तर उद्या येणाऱ्याला बसवणार कुठं?" मी बसलेलो असतानाच कॉलेजची एक मुलगी सगळ्यात महागडं कार्ड मागायला आली. तिचा मॉनिटर कोणता हे विचारून ताईंनी तिला परत पाठवलं. "पडदा तुझा एवढासा. बारक्या तोटीला एवढी टाकी कशाला बाई?"

माझ्या यादीत पॉवर सप्लायच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. कार्बन घालून एक प्रत वहीत ठेवली, एक मला दिली.

"भाच्याला विचारून कळवतो," म्हणून मी उठलो आणि घरी जाऊन सगळं ऑनलाइन मागवलं. थोडं स्वस्त पडत होतं. पॉवर सप्लाय हलका घेतला, आणि त्यातून वाचलं त्यात दिव्यांचं कॅबिनेट नि एक पायरी वरचं ग्राफिक्स कार्ड बसवलं. व्हिडिओ बघून जोडणी मीच केली. चार महिने विमान अलगद उतरत राहिलं. मग एका रविवारी दुपारी फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि पडदा काळा पडला.

त्याच आठवड्यात शाळेच्या संगणक कक्षासाठी तीस नवे संगणक घ्यायचं चाललं होतं. विशाखाताईंनीही कोटेशन दिलं होतं. हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ह्या कोण *कांबळे*बाई? तुमची ओळख आहे म्हणे. काम कसं आहे?"

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. गेम, नसलेला भाचा, हलका डबा. मी म्हणालो, "त्यांच्या यादीवरून एक मशीन केलं होतं आम्ही. चार महिन्यांत जळलं."

"मला वाटलंच होतं," हेडसर म्हणाले.

त्यांना काय वाटलं होतं ते मला कळलं. आडनावावर त्यांनी दिलेला जोर मी नीट ऐकला होता. कळूनही मी मान डोलावली. काम दुसऱ्या कुणाला गेलं.

आणि एवढं करून जळलेलं मशीन मी त्यांच्याकडंच नेलं, कारण विश्वास दुसऱ्या कुणावरच नव्हता. त्यांनी झाकण काढलं, तो डबा बाहेर घेतला आणि तळहातावर तोलला. मग कपाटातली वही काढून माझ्या यादीचं पान माझ्यापुढं केलं.

"शाळंत माझी यादी जळली म्हणून सांगितलासा. तुमच्या क्लार्कनंच सांगितलं मला. आता बघून सांगा, जळलंय ते यादीत हाय का?"

"नाही."

"मग ह्ये हेडसरांस्नी सांगा. काम गेलं ते गेलं. खोटं तेवढं माघारी घ्या."

"उद्याच सांगतो, ताई."

मदरबोर्डही गेला होता. रॅम, डिस्क आणि कार्ड वाचलं होतं. आठ दिवसांनी त्यांनी मशीन नीट करून दिलं, यादीतलाच पॉवर सप्लाय घालून. निघताना म्हणाल्या, "भाच्याला सांगा, आता भ्यायचं कारण न्हाय." मला त्यांच्याकडं वर बघता आलं नाही.

उद्याचा दिवस आला आणि गेला. हेडसरांच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो. एकदा किरकोळ रजेचा अर्ज देऊन परतलो, एकदा नुसता नमस्कार करून. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या पारखी नजरेचं कौतुक केलं. टाळ्याही पडल्या.

नंतर एकदा त्या गल्लीतून जाताना वरच्या खोलीवर शिवणक्लासची पाटी दिसली. झेरॉक्सवाला म्हणाला, "शाळंचं काम मिळंल म्हणून ताईनं शेजारची खोली बी घेतलेली. न्हाई जमलं. गेली कबनूरला भावाकडं." कोणती शाळा, हे त्याला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

गेल्या वर्षी नव्या हेडबाईंनी मीटिंगमध्ये विषय काढला. संगणक कक्षातली मशीन इतकी संथ का, आणि त्यांत काही वाढवता का येत नाही? वाढवायला आत जागाच ठेवलेली नव्हती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. विशाखाताईंचं नाव घेऊन, हेडसरांच्या केबिनमधल्या माझ्या वाक्यासकट. विमानाच्या गेमला दोघं-तिघं हसले. शेजारचे म्हणाले, "जुनी गोष्ट झाली, सर. बसा."

त्या रविवारी कबनूरला गेलो. भावाच्या यंत्रमागांच्या शेडला लागून एक खोली होती, तिथं त्या मागाच्या कंट्रोल पॅनलचा सर्किट बोर्ड दुरुस्त करत बसल्या होत्या. केस बरेच पिकले होते. मी काय करून आलो ते सांगितलं. सोल्डरिंगचा डाग देणारा हात थांबला नाही.

"सगळ्यांम्होरं सांगितलासा?"

"हो."

"माझं नाव घिऊन?"

"हो."

"बरं केलासा."

मी म्हणालो, "ताई, मला माफ करा."

"केलं की." त्यांनी बोर्ड उजेडात धरून पाहिला. "पर त्यानं तुमास्नी बरं वाटंल, सर. माझं दुकान न्हाय उघडत."

पलीकडं माग खडखडत होते. त्या अजून काही बोलतील म्हणून मी तसाच उभा राहिलो. त्यांनी पुढचा बोर्ड ओढून घेतला.

"जाताना दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "सुताची धूळ आत येती."

मी बाहेर आलो आणि दार नीट लागलं का, ते दोनदा ओढून पाहिलं.