आमच्या दारचा हत्ती

रांगोळी मला यायची. धान्याच्या कणगीवर चुन्याची बोटंही मी बरी उमटवायची. पण उभ्या भिंतीवर चित्र काढणं म्हणजे चिताऱ्याचं काम, आणि चितारी दारात यायचा तो लग्नालाच. दाराच्या दोन्ही अंगांना सोंड वर केलेले दोन हत्ती, जागा उरली तर मोर, घोडेस्वार. वऱ्हाड आलं की आधी हत्ती बघायचं आणि मग नवरी. मेंढरं राखता राखता शेतीला लागलेली आमची घरं, त्यांत या भिंतीचा मान मामाचा. चितारी मामानं आणायचा, खर्चा मामानं करायचा, आणि मंगलाष्टकांना नवरीच्या मागे मामानंच उभं राहायचं.

माझ्या लग्नात इथेच घोडं पेंड खात होतं. आबा, म्हणजे माझे वडील, मामाशी बोलत नव्हते.

माय आजारी पडली तेव्हा मामा जालन्याहून हकीम आणायला गेला, आणि हकीम घेऊन आला तो माय गेल्यावर. दुधना नदी चढली होती, उतार मिळाला नाही, असं त्यानं सांगितलं. आबांनी ते मानलं नाही. "बसला असंल कुठंतरी गप्पा हाणीत," एवढं बोलले आणि तोंड फिरवलं. खोटं कशाला सांगू, मामाचा लौकिकही तसाच होता. विहीर खणायला घेतली, पाणी लागायच्या आत सोडली. घोंगडी विणायला बसला, अर्धी मागावर ठेवून जत्रेला गेला. पण मला तो फार आवडायचा. माय गेल्यापासून आमच्या घरात मोठ्यानं हसणारं माणूस म्हणजे तोच. तो आला की आबा मला म्हणायचे, "सांग त्याला, भाकर खाऊन घे म्हणावं." मामा तिथेच हातभर अंतरावर बसलेला असायचा. तो म्हणायचा, "सांग दाजीला, खातो म्हणून." मी आपली कावळ्यासारखी मान या अंगाला आणि त्या अंगाला फिरवत बसायची.

लग्न ठरलं तेव्हाही आबांनी निरोप माझ्याच तोंडी दिला. "भिंत वेळेवर झाली तर राहील मागं उभा. न्हाई झाली तर तुझ्या मायेचा चुलतभाऊ हाय, तो राहील." मला चुलतमामा नको होता. माणूस वाईट नव्हता, पण मायेचा सख्खा भाऊ असताना दुसऱ्यानं माझ्या पाठीशी का उभं राहावं? हे आबांना सांगायची सोय नव्हती. नवरीनं तोंड उघडायचे ते दिवस नव्हते.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मामा आला. एकटाच.

"चितारी कुठंय?" मी विचारलं.

"वाटूरला हिवतापानं पडलाय. काल दिवसभर त्याच्या उशाला बसल्तो, उठलाच न्हाई बिचारा." मामानं धोतराच्या सोग्यातून पुड्या सोडल्या. गेरू, नीळ, बाभळीचा डिंक. "रंग दिलेत त्यानं. आपुनच काढू."

"आपुन?"

"अगं, हैदराबादला लोकर घेऊन गेल्तो तवा निजामाचा हत्ती पाह्यलाय मी. डोळ्यापुढं उभा हाय. तू हात चालव, मी सांगतो."

आबा परतूरच्या बाजाराला गेले होते, ते दिवस कलल्यावर येणार. चुलतीनं कपाळाला हात लावला. "नवरीनं भिंत रंगवायची? रीत हाय का काही?"

"हळद लागली की नवरी," मामा म्हणाला. "आज मजूर."

मला हसू आवरेना. मी पदर खोचला.

आता भिंतीची गंमत सांगते. रांगोळी आपण खाली वाकून टाकतो, ती पडली तिथे गुमान राहते. भिंतीवरचा रंग राहत नाही, तो चालू लागतो. मी सवयीनं खालून सुरुवात केली. चार पाय झकास काढले आणि मग वर पाठ काढायला गेले, तर गेरूचे ओघळ थेट पायांवर! पुसायला गेले तर खालचा चुनाच निघून आला.

"नदीतून आला म्हणू," मामा म्हणाला.

"मामा, तोंड आवर."

पुन्हा चुना फासला, वाळायची वाट बघितली, पुन्हा सुरुवात केली, या वेळी वरून. शिंदीची काडी चेचून कुंचला केला होता, त्यानं रेघ यायची. आत रंग भरायला मामानं काठीला लोकरीचा बोळा बांधला. खांदे असे भरून आले की हात वर जाईना. पण मनातून मी खूश होते. माझ्या हातभर रेघेचं एवढं मोठं अंग होताना बघणं, ते सुख मला रांगोळीनं कधी दिलं नव्हतं.

मागचं अंग तर असं जमलं की विचारू नका. मामा बारीकसारीक सांगत होता. शेपटी अशी, शेंड्याला केस एवढे, मांडीवर सुरकुत्या अशा. मग मी पुढे सरकले.

"सोंड कुठून निघते मामा? डोळ्याच्या वर का खाली?"

मामा डिंक ढवळायला लागला.

"आणि सुळे कोणीकडं वळलेले?"

"काढ तुझ्या अंदाजानं."

"मामा!"

"गर्दी लई होती गं," तो हळूच म्हणाला. "मी मागूनच पाह्यला."

मी कुंचला खाली टाकला. चुलती दारातून ऐकत होती. "लोकांचा हत्ती जातो न् शेपूट राह्यतं," ती म्हणाली, "तुमचं शेपूट झालं न् हत्ती राह्यला!"

दुपार टळत आली होती. थांबून चालणार नव्हतं. मग जे येत होतं ते काढलं. जन्मापासून ज्या जनावराचं तोंड बघितलं, तेच हातातून उतरलं. कपाळ मेंढ्याचं आलं, डोळे मेंढ्याचे आले, आणि सुळे काढायला गेले तर त्यांनी शिंगांसारखी गिरकी घेतली. मधोमध सोंड लोंबत राहिली. मागून हत्ती, पुढून एडका.

गाव जमायला वेळ लागला नाही. "मेंढ्याला सोंड फुटली गं बाई!" "नवरदेव एडक्यावर बसून येणार का?" कोणी बें बें करू लागलं.

मी मामाकडे बघितलं. म्हटलं, झालं, आता हा काहीतरी निमित्त काढणार आणि सटकणार. चुन्यानं त्याची बोटं फुटली होती, दोन बोटांना चिंधी गुंडाळली होती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. तो तांब्याभर पाणी प्याला.

"हसू द्या," तो म्हणाला. "अजून एक काढायचाय. बिलकुल असाच. दोन पाहिजेत दाराला." आणि दाराच्या दुसऱ्या अंगाला चुना फासायला लागला.

आबा आले तेव्हा उन्हं उतरली होती. बरोबर नवऱ्याकडचा एक पाव्हणा होता, वऱ्हाडाच्या उतरण्याची जागा बघायला आलेला. दोघं भिंतीसमोर थांबले. पाव्हण्यानं ओठ दाबून बघितले, पण त्याला राहवेना.

"हे कोणतं जनावर म्हणायचं?"

लोक खिदळले. चुलतमामा मला माझ्या मागे उभा दिसायला लागला.

मामानं मान वळवली नाही, बोळा फिरवत राहिला. आबा त्याच्या हाताकडे बघत होते, त्या चिंध्यांकडे.

"आमच्या दारचा हत्ती असाच असतो," आबा पाव्हण्याला म्हणाले. "मेंढरं राखणाऱ्याच्या दारात अजून कसला येणार?"

मग चुन्याचं मडकं उचलून ते मामाशेजारी जाऊन उभे राहिले. मी सवयीनं पुढे झाले, काय निरोप न्यायचा म्हणून. आबांनी माझ्याकडे बघितलंच नाही, थेट मामालाच म्हणाले,

"पाव्हणं, जल्दी करा. उजेड जाऊन राह्यला."

मामाचा हात थांबला. तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला, आता तू सांग म्हणून. मी काय सांगणार? माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

दुसरा हत्ती आबांनी मडकं धरून पुरा करून घेतला. कान कसे असतात हेही सांगत होते, आणि त्यांनी तर हत्ती मागूनही पाहिला नव्हता. वऱ्हाडानं यायचं तसं येऊन पोट धरून हसून घेतलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

अंतरपाट धरला तेव्हा मामा माझ्या मागे होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. मग हुंदकाच आला त्याला, आणि तो असा वाकला की माझ्या मुंडावळ्या हलल्या. लोक बघायला लागले. आबा गर्दीतून पुढे आले आणि त्याच्या कानाशी वाकले. मला अगदी बराबर ऐकू आलं.

"सरळ उभं राहा पाव्हणं. पोरगी तुमचीबी हाय."

मामा सरळ उभा राहिला. शेवटच्या अक्षता पडेपर्यंत हलला नाही.